बास सिक्स सतत ट्यूनमधून उतरतो? ट्रेमोलो बदलण्याआधी हे तपासा

बास सिक्स, म्हणजे सहा तारांचा बास गिटार, घेतलेल्या जवळपास प्रत्येकाच्या तक्रारी त्याच असतात. ट्रेमोलोचा, म्हणजे सूर वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा, बार (दांडा) दाबून सोडला की सूर जागेवर परत येत नाही. जाड ई जोरात छेडली की तार सॅडलच्या (बॉडीवरच्या ब्रिजमध्ये प्रत्येक तारेला टेकू देणाऱ्या भागाच्या) खाचेतून उडते. आणि तीच ई बाराव्या फ्रेटवर काही केल्या जुळत नाही. यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो: ट्रेमोलो बदल, चांगला ब्रिज टाक. बदलायला माझी हरकत नाही. पण पैसे आधी कशावर घालायचे याचा क्रम बहुतेक जण उलटा धरतात. ट्रेमोलोकडे सर्वांत शेवटी वळायचं. त्याआधी तारा, मग नेकचा कोन, मग नट (नेकच्या खुंटीकडच्या टोकाची खाचांची पट्टी), मग ब्रिज. या क्रमाने गेलात तर कितीतरी वेळा ट्रेमोलोपर्यंत जायची वेळच येत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण दुखणं कुठून येतं ते त्यातच आहे. फेंडरने बास सिक्स १९६१ मध्ये आणला. सहा तारा, ३० इंचाची स्केल (नट ते ब्रिज तारेची लांबी), आणि गिटारचंच ट्यूनिंग एक सप्तक खाली. (बॅरिटोन गिटार साधारण २७-२८ इंचाची आणि बी किंवा ए पर्यंत उतरवलेली असते. तिची दुखणी अशीच, पण सौम्य.) या वाद्यावर बसवलेला ट्रेमोलो आणि डुलणारा ब्रिज ही कल्पना मात्र १९५८ च्या जॅझमास्टर या फेंडरच्याच गिटारची. म्हणजे जी यंत्रणा गिटारच्या तारांसाठी आखली गेली, तिच्यावर ०.०८४ इंच किंवा त्याहून जाड तार ताणली गेली. मूळ बास सिक्सचं उत्पादन १९७५ मध्ये थांबलं. पुढे २०१३ मध्ये स्क्वायर या फेंडरच्याच ब्रँडने स्वस्त आवृत्ती काढली आणि हे वाद्य सामान्य वादकाच्या आवाक्यात आलं. आपल्याकडे जे बास सिक्स दिसतात त्यातले बहुतेक स्क्वायरचेच, त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः त्यांना धरून लिहितोय.

यंत्रणा नीट समजून घ्या. ट्रेमोलोच्या पत्र्याखाली एक धारदार कड असते, तिच्यावर तारांची पट्टी तोललेली असते. एका बाजूने सहा तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने एक स्प्रिंग. तराजूचा काटा धारेवर टेकलेला असतो, तसंच हे. बार दाबला की पट्टी नेकच्या दिशेने झुकते, तारा सैल पडतात, सूर उतरतो. बार सोडला की स्प्रिंग पट्टीला मागे आणते. या हालचालीत तारांनी सॅडलवर घासू नये म्हणून ब्रिजही त्यांच्यासोबत पुढे-मागे डुलतो. ब्रिजच्या दोन पायांच्या टोकांना अणकुचीदार स्क्रू असतात, ते बॉडीत ठोकलेल्या टोपणांच्या तळाला टेकलेले असतात, आणि पाय टोपणापेक्षा बारीक असल्यामुळे डुलायला जागा मिळते. ब्रिज हलतो हे पाहून बरेच जण घाबरतात, पण तो बिघाड नाही. तो तसाच बनवलेला आहे.

आता निदान. याला एक पेन्सिल आणि मास्किंग टेपचा तुकडा पुरतो. वाद्य नीट ट्यून करा. ब्रिज बाजूने पाहून सरळ उभा करा. त्याच्या शेजारी बॉडीवर टेप लावा आणि ब्रिजच्या कडेच्या रेषेत पेन्सिलीने बारीक खूण करा. आता बार चांगला दाबा, सोडा, आणि ट्यूनरवर सहाही तारा एकेक करून पाहा.

एखादीच तार हललेली असेल आणि बाकीच्या जागेवर असतील, तर दोष त्या तारेच्या वाटेत आहे: नट, सॅडल किंवा खुंटीवरचे वेढे. सहाही तारा एकाच दिशेने हलल्या असतील तर खूण बघा. ब्रिज खुणेपासून सरकलेला दिसला तर ब्रिज परत येत नाहीये. ब्रिज खुणेवर आहे आणि तरी सगळ्या तारा हलल्यात, तेव्हाच ट्रेमोलोवर संशय घ्या.

एक तार हलली असेल तर ती कुठल्या बाजूला हलली तेही पाहा. बार दाबून सोडल्यावर तार चढी राहिली, तर नट पकडतोय हे जवळपास नक्की. तार सैल पडताना थोडी खुंटीकडे सरकली, परत येताना खाचेत अडकली, आणि नट ते ब्रिज या भागात ताण जास्त राहिला. नटच्या पुढे ब्रिजच्या बाजूला तार बोटाने हलकेच ओढून सोडा. 'टिंग' असा आवाज आला आणि सूर जागेवर बसला, तर शंकाच उरत नाही.

निदान झालं की पहिलं काम तारांचं, आणि याच पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन.

बास सिक्सच्या नेहमीच्या सेटमध्ये तारा ०.०२४ ते ०.०८४ इंचाच्या असतात. डॅडारिओ कंपनीचा ईएक्सएल१५६ हा असाच. ३४ इंचाच्या नेहमीच्या बासवर तीच तार त्याच सुराला लावली असती तर ताण जास्त आला असता. ताण स्केलच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ३० इंचावर तो सुमारे २२ टक्क्यांनी कमी पडतो. वर तारही बासच्या मानाने बारीक. परिणाम असा की खालची ई लोंबते, तिचा सॅडलवरचा दाब नगण्य, आणि जोरात वाजवली की ती खाचेतून बाहेर. तार सॅडलवर धड बसतच नसेल, तर तिथे कितीही महागडा ट्रेमोलो लावून काय होणार?

ला बेला कंपनीचे बास सिक्ससाठीचे सेट ०.०२६ ते ०.०९५ आहेत, फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्याच्या) आणि राउंडवाउंड (गोल वेटोळ्याच्या) दोन्हीत. ताण साधारण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो असं धरलं तर ०.०८४ वरून ०.०९५ वर गेल्यावर खालच्या ईचा ताण पाव पटीहून थोडा जास्त वाढतो. हाताला हा फरक लगेच कळतो. तार उडणं बहुतेक वाद्यांत एवढ्यानेच कमी होतं. ज्याला हे वाद्य मुख्यतः बास म्हणून वाजवायचं आहे त्याने जाड सेट लावावाच, असं माझं स्पष्ट मत आहे. कॉर्ड, अर्पेजिओ आणि वरच्या तारांवरची चाल हाच ज्याचा वापर आहे, त्याने ०.०८४ वर राहून पुढच्या पायऱ्या केल्या तरी चालेल.

पण जाड तारेची किंमत मोजावी लागते, आणि ती कुठे-कुठे ते आधीच माहीत असू द्या. नटची खाच तिला अरुंद पडते. नेक थोडी जास्त वाकते, म्हणून ट्रस रॉड (नेकमधली सळई) आवळून रिलीफ (नेकची हलकी कमान) पुन्हा ०.३ मिलिमीटरच्या आसपास आणावा लागतो. स्प्रिंगवरचा भार वाढतो. आणि जाड तार ताठ असल्यामुळे इन्टोनेशनसाठी (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर यावा म्हणून) सॅडल आणखी मागे न्यावं लागतं. ही शेवटची गोष्ट सर्वांत त्रासदायक, तिच्याकडे ब्रिजच्या भागात येतो.

तार बदलताना एक काळजी. सेट आणला की खालच्या ईचा बॉल-एंड (टोकाचा गोळा) ट्रेमोलोच्या पट्टीत नीट बसतो का, आणि खुंटीच्या भोकात तार जाते का, हे जुनी तार काढण्याआधी तपासा. तार कापण्याआधी तिला खुंटीजवळ काटकोनात वाकवा आणि मग कापा, नाहीतर आतल्या गाभ्यावरचं वेटोळं सैल पडायची भीती असते. जाड तारांना दोन वेढे पुरेत. आणि तार चढवल्यावर नटच्या पुढे आणि सॅडलच्या पुढे अंगठ्याने हलकेच दाबून तिला तिथे स्पष्ट मोड द्या. जाड तार आपणहून वळत नाही, कमान करून बसते, आणि मग दोन दिवस सूर उतरत राहतो.

यानंतर नेकचा कोन. कारखान्यातून आलेल्या अनेक वाद्यांत ब्रिज बॉडीला जवळजवळ चिकटलेला असतो, तारा ब्रिजवरून ट्रेमोलोकडे अगदी सपाट जातात, आणि सॅडलवर दाब राहत नाही. यावरचा उपाय स्वस्त आणि जुना आहे: नेकच्या खाचेत शिम. खाचेच्या ब्रिजकडच्या टोकाला पातळ पाचर घातली की नेक मागे झुकते. मग तीच अॅक्शन (तारांची फ्रेटवरची उंची) मिळवायला ब्रिज उचलावा लागतो आणि तारांचा कोन तीव्र होतो.

हिशेब असा. खाच साधारण तीन इंच लांब धरली तर अर्ध्या अंशासाठी टोकाची जाडी पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडी कमी लागते, आणि तेवढ्यावर ब्रिज जवळपास अडीच मिलिमीटर वर येतो. एक अंश केला तर पाच मिलिमीटर. सुरुवात अर्ध्या अंशाने करा, बहुतेकांना तेवढं पुरतं. व्हिजिटिंग कार्डाचे तुकडे प्रयोगापुरते ठीक आहेत, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि दबतो. कायमस्वरूपी बसवायची ती पूर्ण लांबीची, उतरती घासलेली लाकडी पट्टी. वाद्यं दुरुस्त करणारा कुठलाही चांगला कारागीर ती सागवानाच्या किंवा मेपलच्या चिपेतून करून देईल. नेकचे स्क्रू परत लावताना आधीच्या आट्यांतच बसतील असे पाहा: स्क्रू उलटा फिरवत गेलं की एका जागी 'टक्' असा हलका धक्का जाणवतो, तिथून सरळ फिरवायचा.

नटवर फार लिहीत नाही. खाच तारेपेक्षा किंचित रुंद हवी, तळ गोल हवा, आणि खुंटीच्या दिशेला थोडा उतार हवा. नटच्या कानशी नसतील तर जुन्या तारेच्या तुकड्याभोवती ४०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून बाजू घासता येतात. तुकडा नव्या तारेपेक्षा एक नंबर बारीक घ्या, कागदाची जाडी धरून तो बरोबर बसतो. बाजू रुंद करायच्या, तळ खोल करायचा नाही. शेवटी २बी पेन्सिलीचं ग्रॅफाइट खाचेत भरा. हेच काम नको वाटत असेल तर कारागिराकडे द्या, पण चुकवू नका. जाड तारा लावून नट तसाच ठेवला तर पुढचं सगळं वाया.

आता ब्रिज. इथे तीन वेगळी दुखणी असतात आणि लोक ती एकत्र करतात.

पहिलं, ब्रिज किंवा सॅडल हळूहळू खाली बसणं. वाजवताना होणाऱ्या कंपनांनी उंचीचे बारीक स्क्रू फिरतात. महिनाभरात अॅक्शन उतरते, ई फ्रेटवर घुंगरायला लागते, आणि माणूस ट्रस रॉडला हात घालतो. उपाय: उंची पक्की झाली की स्क्रूच्या आट्यांवर निळ्या रंगाचा थ्रेडलॉकर (स्क्रू जागी धरणारा गोंद) थेंबभर. लाल घेऊ नका, तो तापवल्याशिवाय सुटत नाही. थ्रेडलॉकर नसेल तर रंगहीन नेलपॉलिशनेही काम भागतं.

दुसरं, तारा खाचेतून उडणं. मूळ सॅडल म्हणजे आटे पाडलेली दांडी, तिच्यावर अनेक उथळ खाचा. बारीक तारेला त्या पुरतात, जाड तार त्यांच्या माथ्यावरच बसते. तारा आणि शिम करूनही ती उडत असेल, तर सॅडल बदलणं योग्यच. निम्मी तार आत बसेल अशी एकच खोल खाच असलेलं सॅडल हवं. मस्टँग या फेंडरच्या गिटारचा ब्रिज टाका असा सल्ला जॅझमास्टरवाले देतात. त्यांच्यासाठी तो बरोबर आहे, पण त्याच्या खाचा गिटारच्या तारांच्या मापाच्या असतात. बास सिक्सवर त्या रुंद कराव्या लागतात, आणि इन्टोनेशनचा प्रश्न तसाच राहतो.

तिसरं म्हणजे इन्टोनेशन. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर तिथल्या हार्मोनिकपेक्षा चढा येत असेल तर सॅडल मागे न्यायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. बास सिक्सच्या खालच्या ईचं सॅडल मागे जात जात स्प्रिंग पूर्ण दाबून थांबतं आणि सूर अजून चढाच असतो. अशा वेळी आधी तपासा: तारा नव्या आहेत का, अॅक्शन अवाजवी उंच नाही ना, आणि ब्रिज नेककडे झुकलेला नाही ना. झुकलेला ब्रिज सहाही तारांची लांबी कमी करतो, आणि वादक सॅडल फिरवत बसतो. ब्रिज सरळ करूनही जागा कमी पडली तर ईच्या सॅडलमागची स्प्रिंग काढून टाका. तिच्या जागी विजेच्या वायरवरचं प्लॅस्टिकचं वेष्टण तीन-चार मिलिमीटर कापून स्क्रूवर चढवा. सॅडलला जास्तीची जागा मिळते आणि ते खडखडतही नाही. ०.०८४ च्या तारेला बहुतेक वेळा एवढं पुरतं.

०.०९५ ला मात्र अनेकदा पुरत नाही, आणि ब्रिज विकत घेण्याचं खरं कारण मला इथे दिसतं. इंग्लंडच्या स्टेट्रेम कंपनीने खास बास सिक्ससाठी ब्रिज बनवला, तो याच गरजेतून. कुठलाही ब्रिज मागवण्यापूर्वी चार मापं लिहून काढा: दोन पायांमधलं मध्य-ते-मध्य अंतर, पायाची जाडी, दोन्ही ईंमधलं अंतर, आणि फ्रेटबोर्डची गोलाई. स्क्वायरच्या व्हिंटेज मॉडिफाइड मालिकेत गोलाई ९.५ इंच आहे, जुन्या फेंडरमध्ये ७.२५. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: ईचं सॅडल मध्यरेषेपासून किती मिलिमीटर मागे जातं? याचं उत्तर मिळत नसेल तर तो ब्रिज घेऊ नका. 'जॅझमास्टरला बसतो' एवढ्या माहितीवर परदेशातून मागवलेला भाग परत पाठवणं फार महागात पडतं.

ब्रिजचं डुलणं थांबवावं का, यावर वाद आहेत. पायांना तांब्याची किंवा अॅल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळून त्यांना टोपणात घट्ट करतात. जो बार वापरतच नाही त्याने हे खुशाल करावं, आवाज थोडा भरीव होतो. पण बार वापरणाऱ्याने करू नये असं मला वाटतं. ब्रिज अडवला की तारेला सॅडलवर घसरावं लागतं. गिटारची बारीक तार घसरते. बासच्या राउंडवाउंड तारेची वेटोळी सॅडलला अडकतात, आणि ती दर वेळी वेगळ्या जागी थांबते. ब्रिज मोकळा डुलू द्या, फक्त तो सरळ परत येतोय एवढं पाहा. येत नसेल तर पायांची टोकं आणि टोपणांचा तळ साफ करा, कणभर ग्रीस लावा. दोन्ही पायांची उंची तपासताना ब्रिजचा पत्रा टोपणाच्या काठाला घासत नाही ना, तेही बघा.

आणि आता ट्रेमोलो. तो खरोखर दोषी असेल तर लक्षणं ठळक असतात.

स्प्रिंग कमी पडत असेल तर मधला स्क्रू पूर्ण आवळूनही तारा जिंकतात, आणि बार बॉडीला टेकायला येतो. जाड सेट लावल्यावर हे हमखास दिसतं. आधी स्क्रू घड्याळाच्या दिशेने अर्धा-अर्धा फेरा आवळत, दर वेळी ट्यून करत पाहा. बार आरामात हाताशी आला आणि वर ओढूनही अर्धा सूर चढतोय, तर झालं. स्क्रू संपला तरी येत नसेल तर जास्त ताठ स्प्रिंग लागेल. अख्खं यंत्र बदलण्याआधी फक्त स्प्रिंग मिळते का बघा. जुन्या फेंडर पद्धतीच्या ट्रेमोलोला लॉकचं बटण असतं आणि त्यावरून हे मापणं सोपं जातं: ट्यून केलेल्या वाद्यावर लॉक लावताना आणि काढताना सूर हलला नाही तर स्प्रिंग बरोबर. स्क्वायरच्या व्हिंटेज मॉडिफाइडवर हे बटण नाही, तिथे हाताच्या अंदाजावरच जावं लागतं.

दुसरं लक्षण म्हणजे धारेवर गंज किंवा घासलेला चर. मुंबईत आणि कोकणपट्ट्यात हे फार लवकर होतं, खारी हवा स्वस्त मुलाम्याला टिकू देत नाही. तारा काढा, ट्रेमोलोचे स्क्रू सोडवून तो उचला, धार निरखून पाहा. तांबूस थर असेल तर शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसा, सगळं तेल टिपून घ्या, आणि धारेवर टाचणीच्या डोक्याएवढं ग्रीस. धारेवर नखाला लागेल असा चर पडला असेल तर तो पुसून जाणार नाही. अशा वेळी यंत्र बदला, आणि निश्चिंत मनाने बदला.

बार सैल असेल, लोंबत असेल, तर त्यासाठी ट्रेमोलो बदलू नका. आट्यांचा बार असेल तर नळाच्या कामाची टेफ्लॉन टेप दोन वेढे. दाबून बसवायचा असेल तर आतली पकड देणारी नळी वेगळी मिळते का पाहा.

नवा ट्रेमोलो आणला तर बसवण्याआधी जुन्याच्या पत्र्याचा ट्रेसिंग पेपरवर छाप घ्या, भोकांसकट, आणि नव्यावर ठेवून पाहा. भोकं एक-दोन मिलिमीटरनेही चुकत असतील तर जुनी भोकं लाकडी काडी आणि फेव्हिकॉलने भरून, पूर्ण वाळवून, नवी पाडावी लागतात. बॉडीतल्या पोकळीची खोलीही मोजा, ताठ स्प्रिंगवाली यंत्रं कधीकधी खाली टेकतात. आणि जुने स्क्रू नव्या यंत्राला जबरदस्तीने बसवू नका. आशियात बनलेल्या सुट्या भागांचे आटे बहुधा मेट्रिक असतात, अमेरिकन भागांचे इंचातले.

ब्रिज आणि ट्रेमोलोच्या मधे तारांना खाली दाबणारा रोलर, ज्याला बझ स्टॉप म्हणतात, तो लोक शिमऐवजी लावतात, कारण नेक उघडावी लागत नाही. तार उडणं त्याने थांबतं, हे खरं. पण तारेच्या वाटेत आणखी एक अडथळा येतो, ब्रिजचं डुलणं मंदावतं, आणि ट्यूनची तक्रार वाढते. बार वापरायचा असेल तर शिमच करा. आधीपासून बझ स्टॉप लावलेला बास सिक्स हातात आला, तर तो काढून, शिम घालून, मग पेन्सिलीच्या खुणेची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून घ्या.